सकाळची नाडी

पन्नास. एक्कावन्न. पन्नास.

इंदापूरच्या रस्त्यावर उसाची पाचटं अजून पडलेली होती, पण उसाचे ट्रॅक्टर दिसत नव्हते.

टेबलाच्या खालच्या खणात एक अर्ज. सह्या सोडून सगळा भरलेला.

पतियाळ्याच्या क्रीडा संस्थेत दीप्तीला शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे सर हातातला खडू न ठेवताच चहा प्यायचे. एकदा म्हणाले, खेळाडू थापा मारतो, त्याचं हृदय मारत नाही. आणि खडू चहात बुडवला.

हिरव्या रेघांचा आलेखाचा कागद बारामतीत एकाच दुकानात मिळतो. दुकानदार दर वेळी विचारतो, इंजिनियरिंगला कोण आहे?

पन्नास.

सोमवारी सकाळी मैदानावरून येऊन दीप्तीने वही उघडली, हे आकडे वाचले आणि तिच्या मानेच्या मागे काहीतरी बारीक गार झालं. एप्रिलची एकवीस तारीख, पंखा गरम हवा खाली ढकलतोय, खोलीत फिनेलचा आणि चामड्याच्या चेंडूंचा वास, आणि मान गार. वही प्रतिक्षाची होती. प्रतिक्षा लासुर्ण्याची, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, तीन हजार मीटर पळणारी. दीप्ती बारामतीच्या या कॉलेजात सहा वर्षं शारीरिक शिक्षण शिकवत होती आणि पळताना दमली तरी खांदे वर न घेणारी ही पहिली मुलगी तिला मिळाली होती. वहीत रोज एक ओळ: तारीख, सकाळची नाडी, वजन, झोप. नोव्हेंबरपासून एकही दिवस सुटलेला नव्हता. गेल्या आठवड्याच्या सातही ओळींत नाडी पन्नास नाहीतर एक्कावन्न होती. ती साठच्या वर असायला हवी होती.

हवी होती, कारण समोरच्या भिंतीवर तसं काढलेलं होतं. जानेवारीत एका रविवारी, काही करायला नव्हतं म्हणून, दीप्तीने वहीतले आकडे हिरव्या कागदावर ठिपक्यांनी मांडले आणि ठिपके जोडले. तेव्हा कागदावर एक लाट उमटली. एक आठवडा पन्नासच्या आसपास, दुसरा साठच्या, तिसरा सत्तरच्या, आणि मग धाडकन पुन्हा पन्नास. तिने तो कागद उलटा धरून बघितला, लांबून बघितला, जेवून येऊन बघितला. लाट होती. पुस्तकांत लिहिलेलं असतं की झोपेतून उठताना नाडी वाढलेली असेल तर शरीर अजून दमलेलं आहे, त्या दिवशी त्याला रेटू नये. पण या मुलीचं शरीर तीन आठवड्यांच्या तालावर दमतं आणि ताजं होतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. फेब्रुवारीपासून तिने सगळा सराव त्या लाटेवर बसवला. पन्नासच्या आठवड्यात जीव जाईस्तोवर पळवायचं, साठच्या आठवड्यात बेताने, सत्तरच्या आठवड्यात नुसतं हलकं पळणं आणि हातपाय सैल करणं. नोव्हेंबरात तीन हजार मीटरला अकरा मिनिटं आठ सेकंद लागायचे. मार्चअखेरीला दहा सव्वीस. दीप्तीने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनातल्या मनात तिने त्या लाटेला स्वतःचं आडनाव लावून बघितलं होतं. बरं वाटलं होतं.

आणि त्याच लाटेमुळे तो अर्ज खणात होता. अठरा वर्षांखालच्या मुलींची राज्य निवड चाचणी पुण्याला, रविवारी, सत्तावीस तारखेला. आलेखाप्रमाणे तो आठवडा सत्तरचा होता. दमलेल्या हृदयावर मुलीला पळवायचं नाही, हे तर ती सगळ्यांना शिकवत आली होती. अकरा तारखेला, शुक्रवारी, तिने प्रतिक्षाला भिंतीसमोर उभं करून बोट ठेवून दाखवलं. "हे बघ, इथे तू वर आहेस. या वेळी नको." प्रतिक्षाला जूनमध्ये अठरा पूर्ण होणार होती. म्हणजे या गटात पुन्हा कधीच नाही, पुढे वीस वर्षांखालच्या मोठ्या मुलींत, तिथे पहिलं वर्षभर कुणी विचारत नाही. हे दोघींनाही माहीत होतं. प्रतिक्षा म्हणाली, "बरं." आणि चपलांचा पट्टा नीट करत बसली. पट्टा नीटच होता.

त्यानंतरच्या सोमवारपासून नाडी पन्नास.

दीप्ती दिवसभर त्या आकड्यांशी बसून राहिली. आजार म्हणावा तर आजारात नाडी चढते. एकच गोष्ट उरत होती आणि ती मनाच्या दाराशी येऊन उभी राहत होती, आत ये म्हणवत नव्हतं. मुलीला कळलंय की कुठला आकडा आला की मॅडम पळू देतात. मग तोच आकडा लिहायचा. अर्ज गुरुवारपर्यंत पुण्यात पोचला पाहिजे, हेही तिला कळलंय. दीप्तीला राग आला नाही, काहीतरी वेगळंच झालं. आपण रोज बसतो त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे सहा महिन्यांनी कळावं तसं. कारण हे सात आकडे खोटे, तर बाकीचे कशावरून खरे? बाहेर मैदानावर पाण्याचा पाइप ओढत सोनबा माळी चालला होता. खिडकीतून तिचा चेहरा बघून तो थांबला. "काय मॅडम, आज तुमचीच नाडी लागंना का?" ती हसली नाही तेव्हा तो म्हणाला, "न्हाय, म्हनलं वैद्याला पन कवा कवा दाखवावं लागतंय," आणि पाइप ओढत गेला.

मंगळवारी दुपारी चारनंतर तिने भिंतीवरचा कागद उतरवून गुंडाळला, अर्जही पर्समध्ये टाकला, का ते न ठरवता, आणि इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीत बसली. खिडकीची काच खाली येत नव्हती आणि वरही जात नव्हती. कालव्याचा गारवा मधूनच एका गालाला लागे आणि पुन्हा रस्त्याची वाफ. तिला वडील आठवत होते. दत्तोपंत पुण्याला वेधशाळेत होते. घरी आल्यावर घरातल्याच कुणाची तब्येत सांगावी तसं सांगायचे, आज अडतीस पॉइंट दोन. त्यांच्या हाताखालच्या एका माणसाने एकदा आठवडाभर तापमापकाकडे न जाता घरी बसूनच आकडे लिहिले होते. वडिलांनी ते तिसऱ्या दिवशीच ओळखलं. आईने विचारलं, कसं? वडील म्हणाले, फार गुळगुळीत होते. खरा आकडा खडबडीत असतो. तेव्हा दीप्तीला टायफॉइड होता, ती अंथरुणातून ऐकत होती, आणि वडिलांनी बोलता बोलता तिचं मनगट धरलेलं होतं. त्यांचा अंगठा कोरडा आणि थंड होता. पन्नास, एक्कावन्न, पन्नास, पन्नास. गुळगुळीत. तिने वाक्य तयार केलं: हे आकडे कुणी लिहिले? मग ते बदललं: हे आकडे तू कधी मोजलेस? मग पुन्हा पहिलं. निमगाव केतकीला जाणारी एक बाई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "काय म्हनलात?" दीप्ती म्हणाली, "काही नाही."

घर रस्त्यापासून दहा मिनिटं आत, उसाच्या खोडव्याच्या कडेला, पत्र्याचं. अंगणात बाजेवर म्हातारा बसला होता, प्रतिक्षाचे आजोबा, म्हस्कू आबा. एके काळी दोनशे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन येणारा हा माणूस, आता चार शेरडं आणि हातात काठी. त्याने डोळ्यांवर हात धरून तिला बघितलं. "कोन म्हनायचं?"

"मी दीप्ती, आबा. कॉलेजातली."

"आरं तिच्या. भामे, भाईर ये. काळीज मोजनाऱ्या मॅडम आल्यात." मग बाजेवर थोडा सरकून, "बसा. किती भरलं म्हनायचं आमच्या पोरीचं?"

"तेच बघायला आलेय."

"मेंढराचं मी पन बगायचो. वाघरीच्या जाळीतनं सोडायच्या आदी. कुशीला हात लावायचा. एकदा का रानात सुटलं, मग सगळीच धापत्यात. कळतंय काय त्यात, घंटा."

"आबा," आतून प्रतिक्षाची आई, भामाबाई म्हणाली, "मॅडम हायत्या, जरा त्वांड सांबाळा." ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, पदराने हात पुसत खाली बसली. पोरगी वैरण आणायला गेलीय, येईलच, म्हणाली. दीप्तीने पाणी प्यायलं. वाक्य ओठांपर्यंत आलेलं होतं, पण ते मुलीसाठी होतं, आईसाठी नव्हतं. म्हणून तिने नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. "नाडी मोजते ना रोज?"

"मोजती की. एक दीस चुकली न्हाय. आता तरी बरं झालंय बगा, हातरुनातच मोजून मोकळी हुती. मागं भर दुपारी येऊन आडवी पडायची. मी म्हनलं, बया, लोकं काय म्हनतील, तरनी पोर बारा वाजता लोळती. तर म्हनं, मॅडमनी झोपूनच मोजाय सांगितलंय."

दीप्तीच्या हातात तांब्या तसाच राहिला. "दुपारी?"

"म्हंजी रोज न्हाय. ह्यांची चार-बाराची पाळी आसली का मग."

ह्यांची म्हणजे प्रतिक्षाच्या वडिलांची, दादासोंची. ते नुकतेच कामावरून येऊन मोरीपाशी पाय धूत होते. कारखान्यात बॉयलरवर कामाला, गडी उंच, बोलताना खाली बघणारा. ओल्या पायांनीच ते पुढे आले, आणि दीप्तीला पहिल्यांदा त्यांचं मनगट दिसलं. स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, आत बारीक लाल सेकंदकाटा, टिकटिक करत फिरणारा. ते म्हणाले, घरात गजराचं घड्याळ हाय, पन त्याला सेकंदाचा काटा न्हाय. सेकंदाचा ह्योच. पाळी दर आठवड्याला बदलते. दुपारी बारा ते रात्री आठ असली की सकाळी ते घरी झोपलेले असतात, पोरगी डोळे उघडले की उशाचं घड्याळ ओढून घेते आणि अंथरुणातच मोजते. रात्री आठ ते पहाटे चार असली की ते सायकलवरून पाचला घरी येतात. तोवर तिची झाडलोट, पाणी, म्हशीची धार झालेली असते. ते आले की ती बाजेवर आडवी होऊन मोजते. आणि पहाटे चार ते दुपारी बारा असली की ते साडेबाराला येतात. तोवर ती कालव्यावरून पळून आलेली, भाकरी थापलेली, कॉलेज दुपारचं म्हणून एकची एसटी गाठायच्या घाईत असते. पाच मिनिटं पडते, मोजते, वहीत लिहिते, पळते. "आता सीझन बंद झालाय बारा तारखंला. पाळ्या न्हाईत. आठ ते पाच जनरल. मग घड्याळ रोज सकाळी घरीच."

पन्नास, साठ, सत्तर.

दीप्तीचे कान तापले. आधी कान, मग गाल, मग नुसतं एक प्रचंड रिकामपण. हिशोब मनात आपोआप जुळत होता, तिने न जुळवता. तरी तिने कागद उलगडला, का ते तिलाही सांगता आलं नसतं, जखम पुन्हा बोटाने दाबून बघावी तसं काहीतरी. बाजेवर पसरला. एक कोपरा वर वळत होता, त्यावर आबांनी काठी ठेवली. दादासो वाकले. त्यांचं बोट काळं, नखाशी तडकलेलं, हिरव्या रेघांवरून हळूहळू चाललं. "ही चार-बारा. ही बारा-आठ. ही आठ-चार. पुन्यांदा चार-बारा. व्हय, बराबर." बोट फेब्रुवारीतल्या एका खड्ड्यापाशी थांबलं. सत्तरच्या शिखरावरच तीन दिवस पन्नास. त्या तीन दिवसांवर दीप्तीने एक पूर्ण पान लिहिलं होतं. शरीराची राखीव शक्ती, असं काहीसं. "हितं मी रजा टाकली हुती," दादासो म्हणाले. "भिमाच्या लगनाला." मग सगळा कागद एकदा डावीकडून उजवीकडे बघून, मनापासून, "टाइमकीपरकडं पन पाळ्यांचा तक्ता एवढा सुबक नसतो, मॅडम."

हसू आधी आबांना आलं का तिला, हे नंतर तिला ठरवता आलं नाही. पण ती हसली, बाजेची कड धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि भामाबाई घाबरून म्हणाली, "च्या टाकू का?"

प्रतिक्षा आली तेव्हा डोक्यावर घासाचा भारा होता. मॅडमना अंगणात बघून ती भारा न उतरवताच उभी राहिली. मान ताठ, खांदे खाली, आणि चेहऱ्यावर पकडलं गेल्यासारखं काहीतरी, जरी तिने काहीच केलेलं नव्हतं. दीप्तीने तयार करून आणलेलं वाक्य अजून तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिने ते तिथेच राहू दिलं. दोघी गोठ्याच्या बाजूला गेल्या. म्हैस त्यांच्याकडे बघून पुन्हा रवंथ करायला लागली.

"दुपारी मोजत होतीस, ते सांगितलं का नाहीस?"

"वहीत दिवसाला एकच रकाना हुता. तुमी म्हनला हुता, एकबी दीस सोडायचा न्हाय."

"आणि मी नको म्हटलं, तेव्हा? तुला पळायचं नव्हतं?"

"पळायचं हुतं की."

"मग बोलायचं ना."

प्रतिक्षा घासाची एक काडी मोडत राहिली. "तुमी तक्ता दाखवला ना जानेवारीत. तवापास्नं मला पन तसंच वाटाय लागलं. सत्तरच्या आटवड्यात पाय खरंच जड व्हायचे. खोटं न्हाय सांगत, मॅडम. कालव्यावर पळताना मांड्या भरून यायच्या. मला वाटलं, कागदाला कळलं ते मला का कळू नये."

हे दीप्तीने परतीच्या एसटीत पुन्हा पुन्हा ऐकलं. संध्याकाळचं ऊन उसावर आडवं पडलेलं, कुणीतरी पाचट पेटवलेलं, धुराचा गोडसर वास सगळ्या गाडीत. मुलीचं हृदय सहा महिने दर सकाळी पन्नास ठोके देत होतं. शांत. एकसारखं. पाळ्या बदलत होत्या, भोंगे होत होते, म्हशीची धार निघत होती, आणि ते आपलं पन्नास. दीप्तीने ते मोजलंच नव्हतं. तिने कारखाना मोजला होता. आणि कारखान्याच्या तालावर मुलीला एक आठवडा रगडलं होतं, एक बेताने, एक विसाव्याचा, आणि मुलीचे बेचाळीस सेकंद कमी झाले होते. विसाव्याचा आठवडा येत होता तो नेमका बाप पहाटे घराबाहेर आणि घरचं सगळं काम मुलीच्या अंगावर पडायचं तेव्हा. एका चुकीवर दुसरी बसली होती आणि दोन्ही मिळून सरळ उभ्या होत्या. याला पतियाळ्याचे सर काय म्हणाले असते कोण जाणे. तिला लाज वाटायला हवी होती, ती थोडी वाटतही होती, नखाखाली काटा राहावा तेवढी. पण तिच्या खाली, खोल, दुसरंच काही पसरत होतं, उन्हात पडलेल्या अंगावर ओली चादर यावी तसं. लाट नव्हती. कुणाच्या नावाची लाट नव्हती. वडिलांचं म्हणणं तिने आयुष्यभर जपून ठेवलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते तिला अर्धवट वाटलं. कधी कधी आकडा गुळगुळीत असतो, कारण माणूस निरोगी असतं. तिने आपलंच मनगट धरलं. एसटीच्या खडखडाटात काहीच लागेना. ती तशीच धरून बसली.

अर्जावर पालकांची सही अंगणातच झाली होती. दादासोंनी आधी हात पुन्हा धुतले, कोरडे केले, मग पेन मागितलं, आणि पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, रेघेच्या बाहेर एक अक्षरही जाऊ न देता. आबा म्हणाले, "लिव्ह, लिव्ह, जमीन न्हाय लिवून मागत." बुधवारी कॉलेजचा शिक्का मारून दीप्ती स्वतः पुण्याला गेली आणि अर्ज खिडकीत देऊन पोच घेऊन आली. सराव काहीच बदलला नाही. प्रतिक्षाला फक्त एवढंच सांगितलं की भिंत आता रिकामी आहे, आणि तिने येऊन ती बघावी. प्रतिक्षा शुक्रवारी आली, भिंतीकडे बघितलं. चार टाचण्यांची भोकं राहिली होती. "मग ह्या आटवड्यात पाय कसे लागतील?" तिने विचारलं. दीप्ती म्हणाली, "मला माहीत नाही." असं ती कुणा विद्यार्थिनीसमोर पहिल्यांदाच म्हणाली आणि तिला ते जिभेवर हलकं लागलं.

रविवारी पुण्याच्या मैदानावर सकाळी सातलाच झळा होत्या. साडेसात फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्या प्रतिक्षा नवव्या नंबरावर होती आणि दीप्तीच्या हातात घड्याळ असून ती बघत नव्हती, पाय बघत होती. चौथ्या फेरीत पुण्याच्या दोन मुली सुटल्या. पाचव्या फेरीत दीप्तीसमोरून जाताना प्रतिक्षाने एकदाच मान वळवली. चेहऱ्यावर कष्ट होते, पण त्यांच्या आत कुठेतरी एक कुतूहल होतं, स्वतःच्या मांड्यांबद्दलचं, हे अजून भरून कसं येत नाही. पुण्याच्या मुली पुढेच राहिल्या, पण शेवटच्या दोनशे मीटरला तिने मधल्या दोघींना मागे टाकलं. तिसरी. दहा मिनिटं एकोणीस. राज्याच्या संघात पहिल्या तिघी जाणार होत्या. ती गवतावर उताणी पडली, आणि दीप्तीने जवळ जाऊन तिचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली उड्या मारत होती. मोजायची गरज नव्हती, तरी हात सोडवेना. प्रतिक्षा धापा टाकत म्हणाली, "किती भरली?" दीप्ती म्हणाली, "भरपूर." दोघी तशाच राहिल्या, एक पडलेली, एक उकिडवी, आणि मैदानावर पुढच्या शर्यतीची नावं पुकारायला लागले.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी वही हातात घेताना प्रतिक्षाने विचारलं होतं, "मॅडम, किती वाजता मोजली ते कुठं लिहायचं?" दीप्ती म्हणाली होती, त्याची गरज नाही.